विश्लेषण : थेंबाथेंबाने वाहणारे पाणी आणि धुळ्यातून सुरू झालेली विश्वेश्वरय्यांची कारकीर्द

नंदुरबारमधील एखाद्या घरात फ्लश टँकमधून मिनिटाला १०० मिलिलिटर पाणी कमोडमध्ये झिरपत असेल, तर दिवसाला १४४ लिटर पाणी वाया जाते. म्हणजे १५ लिटरचे साडेनऊ हंडे. आवाज नाही, फरशी ओली नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. ज्या अभियंत्याची जयंती देशभर अभियंता दिन म्हणून साजरी होते, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठलाग केला : पाणी ठरलेल्या पातळीवर कसे राखायचे आणि वाया कसे जाऊ द्यायचे नाही.

खान्देशशी संबंध काय?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. लहानपणीच वडील गेले. बंगळूरमध्ये शिकवण्या घेऊन त्यांनी शिक्षण केले आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचे सीओईपी) अभियांत्रिकीच्या परीक्षेत १८८३ मध्ये मुंबई प्रांतात पहिले आले. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. सुरुवातीच्या काळातच त्यांची नेमणूक धुळ्याला झाली. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि नंदुरबारही त्यातच होते. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले, तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

पांझरेवर काय घडले?

धुळ्यात त्यांच्याकडे आलेले एक काम म्हणजे पांझरा नदीचा प्रवाह ओलांडून पाणी नेणारा पाइपचा सायफन. पाइप एका काठावरून खाली उतरतो आणि दुसऱ्या काठावर वर येतो. बाहेर पडण्याचे तोंड आत शिरण्याच्या तोंडापेक्षा थोडे खाली ठेवले, की पंपाशिवाय पाणी पलीकडे जाते. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने वाळू-गाळ आणून काम अडवले. तरुण अभियंत्याने पावसाळा संपेपर्यंत थांबण्याची परवानगी मागितली, वरिष्ठांना ते रुचले नाही. मग त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि पूर्ण केले. कमोडखालचा वाकडा पाइपही पाण्याच्या पातळीच्याच नियमावर चालतो. त्याच्या बाकात पाणी साठून राहते आणि गटाराची दुर्गंधी घरात येत नाही.

खडकवासल्याचे दरवाजे वेगळे का?

पुढे तेव्हाच्या मुंबई प्रांतातील सिंधमध्ये सक्कर शहराची पाणीपुरवठा योजना त्यांनी उभारली. दख्खनच्या कालव्यांवर पाण्याची उधळपट्टी थांबावी म्हणून पाळीपाळीने पाणी देणारी ब्लॉक पद्धत आणली. मुंबई प्रांताचे सॅनिटरी इंजिनीअर म्हणून पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही दोन्ही कामे पाहिली. एडन शहरासाठीही अशीच योजना आखून दिली.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र पुण्याजवळचे. खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात बरेच पाणी वाहून जाई. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत साठायचे, त्याहून वर गेले की दरवाजे आपोआप उघडायचे आणि उतरले की बंद व्हायचे. १९०३ मध्ये बसवलेल्या या दरवाजांमुळे साठ्याची उंची सुमारे आठ फुटांनी वाढली. पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत केलेले काम म्हणून त्यांनी सरकारकडून मानधन घेतले नाही.

हैदराबादेत १९०८ च्या मुसी महापुरानंतरची पूरनियंत्रण योजना, म्हैसूरचे मुख्य अभियंतापद, कृष्णराजसागर धरण आणि १९१२ पासून संस्थानची दिवाणगिरी असा हा प्रवास पुढे गेला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार करून, त्यांचे निधन झाले.

घरातील गळती कशी थांबवाल?

फ्लश टँकमधला बॉलकॉक म्हणजे पातळी राखणारे घरगुती यंत्रच. फरक एवढाच, की पाणी चढले की धरणाचा दरवाजा उघडतो आणि इथे पाण्याची वाट बंद होते.

- टँकच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका. अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला, तर तळाचे वॉशर झिजले आहे किंवा त्यात कचरा-क्षार अडकला आहे. आधी अँगल कॉक बंद करा, टँक रिकामी करून वॉशर पुसा. तरी गळत असेल तर बदला.
- पाणी टँकमधील उभ्या ओव्हरफ्लो पाइपात पडत असेल, तर फ्लोट जास्त वर आहे. स्क्रू फिरवून तो खाली आणा. पाणी पाइपाच्या तोंडाखाली साधारण एक इंचावर थांबले पाहिजे.
- फ्लोट खाली आणूनही पाणी येतच राहिले, तर बॉलकॉकच्या आतील वॉशर बदला.
- अँगल कॉकच्या सांध्यातून थेंब येत असतील, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सांधा खोला आणि आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळा.

बहुतेक वेळा यासाठी नवी टँक लागत नाही. खडकवासल्यातही भिंत तीच राहिली होती. पाणी वाया जात होते ती जागा शोधून तेवढीच दुरुस्त केली गेली.