मादाम मेनका : खंडाळ्याच्या नृत्यगुरू

बॅले हा शब्द मराठी वाचकांना परका नाही. मात्र भारतीय नृत्याला बॅलेचे रूप देऊन ते युरोपच्या रंगमंचावर नेणाऱ्या एका स्त्रीचे कार्य आपल्या खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर घडले, याचे स्मरण आज फार थोड्यांना आहे.

लीला रॉय यांचा जन्म १८९९ साली बारिसाल येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील प्यारेलाल रॉय बॅरिस्टर, आई इंग्रज. लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. सोखी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. नवरा प्लेगच्या लसीच्या कामात गढलेला आणि पत्नी पायांत घुंगरू बांधून रियाजात, असा तो विलक्षण संसार होता.

त्या काळी कथक म्हणजे कोठ्यावरचा नाच, अशीच प्रतिष्ठित घराण्यांची समजूत होती. लीलाबाईंनी लोकनिंदेची पर्वा केली नाही. विख्यात रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा यांच्या प्रोत्साहनाने त्यांचे मन भारतीय नृत्याकडे दृढपणे वळले. पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे व पुढे लखनौ घराण्याच्या अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्याकडे त्यांनी कथकचे शिक्षण घेतले, आणि मेनका हे नाव धारण केले. अप्सरेचे नाव घेण्यासही त्या दिवसांत धैर्य लागत असे!

कथक हे मूलतः एकट्याने करावयाचे नृत्य. एकच नर्तक कृष्ण होतो, राधाही होतो. मेनकांनी या भूमिका निरनिराळ्या नर्तकांना वाटून दिल्या, कथानक आखले, वेशभूषा अभ्यासपूर्वक ठरविली आणि खास संगीत रचून घेतले. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ ही नृत्यनाट्ये अशी सिद्ध झाली. कलेच्या दृष्टीने हेच त्यांचे सर्वांत मोठे देणे होय, असे आम्हांस वाटते. १९३६ ते १९३८ या काळात त्यांच्या पथकाने युरोपभर शेकडो प्रयोग केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या नृत्यस्पर्धेत त्यांचा गौरव झाला. सरोदवादक सखावत हुसेन खाँ त्यांच्या साथीला होते.

याच पथकात दमयंती जोशी ही मुंबईची लहानगी मराठी मुलगी होती. मेनकांनी स्वतःचे अपत्य गमावले होते. दमयंतीला पाहून त्यांच्या मनात तिला दत्तक घेण्याची इच्छा उत्पन्न झाली. परंतु तिच्या मातोश्री वत्सलाबाई लेकीला देऊन टाकण्यास राजी होईनात. अखेर दोघींनी मिळून मुलीला वाढवावे असे ठरले, आणि वत्सलाबाईही प्रवासात बरोबर राहिल्या. एका लेकराला दोन माता लाभल्या. यात कोणाचा त्याग मोठा, हे सांगणे कठीण आहे.

युरोपातून परतल्यावर मेनकांनी खंडाळ्यास ‘नृत्यालयम्’ ही शाळा काढली. तेथे कथकबरोबर कथकली व मणिपुरी नृत्यही शिकविले जाई. शिरीन वजिफदार ही पारशी कन्या तेथेच घडली. १९३९ साली ‘मालविकाग्निमित्रम्’ हे शेवटचे मोठे नृत्यनाट्य रंगमंचावर आले. पुढे प्रकृती ढासळत गेली आणि दीर्घ आजारानंतर ३० मे १९४७ रोजी मेनकांचे निधन झाले. स्वातंत्र्याला तेव्हा अडीच महिने उरले होते.

दमयंती जोशी पुढे एकट्याने कथक सादर करू लागल्या व नामवंत झाल्या. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.