हुजूरबाजार सर आणि एक्सेलचा दुसरा कॉलम

स्टॅटिस्टिक्स घेतलं असेल तर बेझचं सूत्र तुम्ही पाठ केलं असणार, तेही परीक्षेपुरतं. आज एक्सेल उघडून ते करून बघा.

समजा, धर्माबादच्या बाजारात मिरचीचं पोतं घ्यायचंय. पहिल्या कॉलममध्ये खराब मालाच्या तीन शक्यता लिहा: १०, ३०, ५० टक्के. दुसऱ्यात, पोत्यात हात घालण्याआधी प्रत्येक शक्यतेवर तुमचा किती विश्वास आहे ते लिहा. आता पाच मिरच्या काढल्या, दोन खराब निघाल्या. तिसऱ्या कॉलममध्ये खराब प्रमाणाचा वर्ग गुणिले चांगल्या प्रमाणाचा घन. दुसरा आणि तिसरा कॉलम गुणा, आलेल्या बेरजेनं प्रत्येकाला भागा. झालं!

तिघांवर सारखाच विश्वास ठेवलात तर निम्मा माल खराब असण्याची शक्यता ४५ टक्के येते. व्यापारी ओळखीचा म्हणून ६०, ३०, १० भरलंत तर तीच १९ वर येते. मिरच्या त्याच, उत्तर वेगळं.

याच दुसऱ्या कॉलमवरून इंग्लंडमध्ये मोठा वाद होता. रोनाल्ड फिशर यांना तो नकोच होता. भूकंपांचा अभ्यास करणारे हॅरॉल्ड जेफ्रीज म्हणत, तो हवाच, पण भरायला नियम हवा. १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला गेले ते या जेफ्रीज यांच्याकडे. १९४९ मध्ये पीएचडी झाले.

गंमत अशी, की १९४८ च्या त्यांच्या निबंधानं बळ दिलं ते फिशर यांच्या पद्धतीला: माहिती वाढत गेली की खऱ्या उत्तराकडे नेणारं समीकरणाचं उत्तर एकच उरतं. आपल्या शीटमध्येही ५० मिरच्यांत १५ खराब टाका (घात १५ आणि ३५). मग दुसरा कॉलम दोन्हींपैकी कसाही भरा, ३० टक्क्यांची शक्यता ९८-९९ येते. पाच मिरच्यांवर मात्र तुमचा अंदाजच बोलतो. पुढे त्यांनी जेफ्रीज यांच्या बाजूचंही काम केलं, त्या नियमामागच्या गणिती राशींची नेमकी रूपं शोधली. मला त्यांचं हेच आवडतं, गुरूचा गट धरून बसले नाहीत.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला आणि १९७६ पर्यंत सांभाळला. १९६० मध्ये केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक, १९७४ मध्ये पद्मभूषण. नंतर अमेरिकेत डेन्व्हरला शिकवलं. १९९१ मध्ये ते गेले. त्यांच्या दोन मुलीही संख्याशास्त्रज्ञच झाल्या.