मीटर मोजणारे मेशाँ

मीटर आला कुठून ते मी सांगतो. ग्रीक भाषेत मेत्रोन म्हणजे माप. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे फ्रान्समध्ये ठरले. डंकर्क ते बार्सिलोना मोजायचे, बाकीचे गणिताने काढायचे. १७९२ साली काम सुरू झाले. उत्तरेचा भाग दलांब्र यांच्याकडे, दक्षिणेचा पिएर मेशाँ यांच्याकडे.

मेशाँ यांचा जन्म १७४४ चा. बार्सिलोनात अक्षांशाच्या दोन मोजण्या जुळेनात. घाबरून त्यांनी ते लपवलं. मन खात राहिलं. मोजणी पुढे न्यायला ते पुन्हा स्पेनला गेले अन् १८०४ साली तिथंच तापानं वारले. मग त्यांच्या कागदांत दलांब्रना सारं सापडलं. पुढं कळलं, दोष यंत्रात होता!

मीपण गणित चुकलं की पान दडवायचो. आता गुरुजींना दाखवतो.