कोण होते लॉर्ड रिपन? बारामती, इंदापूरच्या नगरपरिषदांशी त्यांचा काय संबंध?

बारामतीची नगरपालिका १८६५ ची. त्या काळात नगरपालिकेत गावापेक्षा कलेक्टरच्या शब्दाला वजन होतं. सदस्य सरकारने नेमलेले, अध्यक्षही बहुधा अधिकारीच. ही घडी बदलायला निघाला तो एक इंग्रज व्हाइसरॉयच.

जॉर्ज रॉबिन्सन, म्हणजेच लॉर्ड रिपन यांचा जन्म १८२७ चा, तोही लंडनच्या १० डाउनिंग स्ट्रीटमध्ये. वडील तेव्हा पंतप्रधान होते. १८८० मध्ये रिपन भारतात आले. १८ मे १८८२ च्या ठरावात त्यांनी सांगितलं, की स्थानिक मंडळांत सरकारी सदस्य एक तृतीयांशाहून जास्त नकोत आणि शक्य तिथे अध्यक्षही बिगरसरकारी असावा. सुरुवातीला कारभार ढिसाळ झाला तरी लोक त्यातून राज्यकारभार शिकतील, हा त्यामागचा हिशेब.

घोडं अडलं ते अंमलबजावणीत. प्रांतिक सरकारांनी ठराव पातळ केला. मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये कायदा आला, पण मताचा हक्क मोजक्यांनाच मिळाला. इल्बर्ट विधेयकावरून गोऱ्यांचा रोष ओढवून घेतलेले रिपन त्याच वर्षी परतले. मुंबईत निरोपाला लोटलेली गर्दी मात्र भारतीयांची होती. पुढे हा माजी व्हाइसरॉय इंग्लंडमधल्या छोट्याशा रिपन शहराचा महापौर झाला! १९०९ मध्ये त्यांचं निधन झालं.

अध्यक्ष कोणी निवडायचा, हा वाद अजून चालूच आहे. महाराष्ट्रात थेट नगराध्यक्ष निवड २०१६ मध्ये पुन्हा आणली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. त्यानंतर निवडणुका रखडल्या आणि बारामती, इंदापूरचा कारभार काही वर्षं सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडेच राहिला.