तेरचे गोरोबा कुंभार

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथात ह्याच गावाचा तगर ह्या नावाने उल्लेख असून, तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असे त्यात लिहिले आहे. त्या धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणी घेत नाही. नाव राहिले ते एका कुंभाराचे.

गोरोबांचा जन्म 1267 साली झाला, असे परंपरा मानते. माती तुडवावी, चाक फिरवावे, मडकी भाजावी, हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. काम चालू असता मुखी पांडुरंगाचे भजन असे. एके दिवशी त्यांची पत्नी संती पाण्यास गेली असता तान्हे मूल रांगत मातीच्या आळ्यात आले. गोरोबा भजनात इतके तल्लीन झाले होते, की मूल पायांखाली तुडविले गेले तरी त्यांस कळले नाही. संतीने परत येऊन जो आक्रोश केला, त्याने भजन भंगले, म्हणून गोरोबा उलट तिलाच मारावयास धावले. तेव्हा तिने पांडुरंगाची शपथ घालून आपणास स्पर्श करू नये असे त्यांस बजाविले, आणि ती शपथ त्यांनी पुढे कडकडीत पाळली.

पुढे नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळाले, अशी ह्या कथेची समाप्ती आहे. त्या चमत्काराविषयी मी येथे वाद घालीत नाही. मला विशेष वाटते ते निराळेच. ज्या भाविकांनी ही कथा शेकडो वर्षे गाइली, त्यांनी संतीचा संताप तीतून गाळला नाही. आपल्या प्रिय भक्ताची घोर चूकही झाकली नाही. निव्वळ स्तुतिपाठकांनी तसे खचित केले असते. घरोघरच्या आयांनी ही कथा ऐकली, तेव्हा त्यांस आपले दुःख तीत सापडले असलेच पाहिजे.

दुसरी कथा थापटण्याची. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना, येथील मडकी कच्ची की पक्की ते पाहा, असे सुचविले. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. सर्वांनी ते सोसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा हे मडके कच्चे आहे, असा निवाडा काकांनी दिला. नामदेवांची कवी म्हणून मोठी ख्याती. गोरोबांचे अभंग आज मिळतात ते विसाच्या आसपास. तथापि कुंभाराने परीक्षा करावी आणि कवीने ती मानावी, ह्यात कोणास अनुचित वाटले नाही. नामदेव खिन्न झाले खरे, पण पुढे औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे जाऊन ते शिकले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत, व पंजाबात ती आजही भक्तीने गाइली जातात.

गोरोबांनी 1317 साली तेर येथे समाधी घेतली, असे मानतात. त्यानंतर राज्ये आली व गेली. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाचीही उर्दूच. अशा काळात अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याच्या व बलुतेदाराच्या घरी उत्तम मराठी कशी टिकली, असे कोणी विचारील, तर त्याने रात्रीच्या भजनाकडे पाहावे. पुस्तक नसले तरी अभंग पाठ होतो, कारण त्याची चाल व यमक स्मरणास हात देतात. आपल्या मंडळ्यांतील वृद्ध बाया, ज्यांस वाचता येत नाही, रेव्हरंड टिळकांची (1861–1919) पदे अशाच रीतीने मुखोद्गत म्हणतात. ते टिळकही अभंगाच्याच वळणावर लिहीत.

गोरोबांचे चरित्र महिपतींनी 1762 साली भक्तविजयात ओवीबद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी आपल्या उतारवयात ज्या मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर केले, त्यांत हाही ग्रंथ होता.

तेरच्या वस्तुसंग्रहालयात जमिनीतून निघालेली प्राचीन मडकी मांडून ठेविली आहेत. ती कोणी घडविली हे कोणास ठाऊक नाही. जवळच नदीकाठी गोरोबांच्या समाधीपाशी चैत्र वद्यात यात्रा भरते, आणि तेथे त्यांचे अभंग अद्याप गातात.