हेर्मान एबिंगहाउस

हेर्मान एबिंगहाउस (२४ जानेवारी, १८५० – २६ फेब्रुवारी, १९०९) हे जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. स्मृतीचा प्रायोगिक व संख्यात्मक अभ्यास करणारे ते पहिले संशोधक मानले जातात. विस्मरण वक्र ही संकल्पना त्यांनी मांडली.

जीवन व शिक्षण

एबिंगहाउस यांचा जन्म प्रशियातील बार्मेन (आजच्या वुपरटालचा भाग) येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांनी बॉन, हाले व बर्लिन येथे इतिहास, भाषाशास्त्र व तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते सैन्यात होते. १८७३ साली बॉन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यानंतर इंग्लंड व फ्रान्समध्ये शिकवण्या करून त्यांनी काही वर्षे काढली. याच सुमारास गुस्टाफ फेशनर यांचा मनोभौतिकीवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. संवेदना मोजता येत असेल तर स्मृतीही मोजता यावी, असे त्यांनी मनाशी ठरवले. उच्च मानसिक प्रक्रियांवर प्रयोग करता येत नाहीत, असे विल्हेल्म वुंट यांचे मत त्या काळी प्रभावी होते.

स्मृतीवरील प्रयोग

हे प्रयोग त्यांनी १८७९-८० मध्ये व पुन्हा १८८३-८४ मध्ये केले. प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त दोन्ही ते स्वतःच होते. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून त्यांनी व्यंजन-स्वर-व्यंजन अशी रचना असलेले सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले. मिनिटाला १५० ठोक्यांच्या ठराविक गतीने त्यांच्या याद्या वाचून त्या न चुकता म्हणता येईपर्यंत ते पाठ करत. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, यावरून शिल्लक स्मृतीचे मोजमाप होई. ही 'बचत पद्धती' होय.

बचतीचे प्रमाण सुमारे २० मिनिटांनी ५८ टक्के, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, तर ३१ दिवसांनी २१ टक्के आढळले. म्हणजे विस्मरण आरंभी वेगाने होते व पुढे मंदावते. बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करण्यास निरर्थक शब्दावयवांच्या सुमारे एक दशांश श्रम पुरले. हे निष्कर्ष १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

पुढील कारकीर्द

१८८६ साली ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८९० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर क्योनिग यांच्यासह त्यांनी मानसशास्त्र व ज्ञानेंद्रियांचे शरीरक्रियाशास्त्र या विषयांचे नियतकालिक सुरू केले. १८९४ मध्ये ते ब्रेस्लाऊ (आजचे व्रोत्सवाफ, पोलंड) येथे गेले. तेथे शालेय मुलांच्या मानसिक थकव्याच्या अभ्यासासाठी त्यांनी गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली. आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीत पुढे या तंत्राचा वापर झाला. १९०५ पासून ते हाले येथे होते व तेथेच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तत्त्वज्ञ युलिउस एबिंगहाउस हे त्यांचे पुत्र होत.

मूल्यमापन

एकाच व्यक्तीवरील प्रयोगांतून सर्वसामान्य नियम काढल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. अर्थ वगळला की दैनंदिन जीवनातील स्मरणाचे स्वरूपच हरवते, असा आक्षेप ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली घेतला. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्प्रयोगात एबिंगहाउस यांच्याशी मिळताजुळता वक्र आढळला. ठराविक अंतराने उजळणी करण्याच्या आधुनिक अध्ययनपद्धतींचे मूळ त्यांच्या कार्यात आहे.