निवडुंगाच्या माळावरचा लीडर

मित्रांनो, लीडरशिप हा शब्द हल्ली आपल्या कानावर इतक्या वेळा पडतो की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचतच नाही. प्लेसमेंटचे दिवस जवळ आले की सॉफ्ट स्किल्सची वर्कशॉप्स होतात. टाय कसा बांधावा, हात कसा मिळवावा, ग्रुप डिस्कशनमध्ये पहिलं वाक्य आपणच कसं बोलावं, हे सगळं शिकवतात. ते उपयोगाचं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मनात एक प्रश्न कायम राहतो. ज्याची लायकी असूनही त्याला डावललं जातं, ज्याचा माल दोन-दोन वर्षं खपत नाही, त्या माणसाने लीडर कसं राहायचं? त्याचं उत्तर मला एका नांगरवाल्याच्या चरित्रात सापडलं. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे फोर्ड आणि एडिसन मला लवकर भेटले, लक्ष्मणराव मात्र उशिरा. किर्लोस्कर म्हणजे पंपावरचं नाव, एवढंच माहीत होतं!

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. गंमत म्हणजे या माणसाला इंजिनिअर व्हायचंच नव्हतं. त्याला व्हायचं होतं चित्रकार. वडिलांना ते पसंत नव्हतं, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, लागले. पगार महिना 45 रुपये.

इथे मला त्यांचा पहिला गुण दिसतो. ड्रॉइंग शिकवणाऱ्याने वर्कशॉपमध्ये जायची काही गरज नव्हती. पण रिकाम्या वेळात ते तिथल्या यंत्रांवर काम करायचे, यंत्र कसं चालतं ते हाताने शिकायचे. आपल्याला फायलिंगचा एक जॉब पूर्ण करताना तळहाताला फोड येतात आणि सबमिशन संपलं की आपण सुटलो म्हणतो. हा माणूस मार्क नसताना, पगार वाढणार नसताना शिकत होता. आजच्या भाषेत यालाच पर्सनल परफॉर्मन्स म्हणतात बहुतेक!

पुढे बढतीची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. त्यांनी नोकरीच सोडली आणि ते बेळगावला रामूअण्णांकडे आले. भावांचं सायकलचं दुकान होतं. 1888 हे किर्लोस्कर उद्योगाच्या सुरुवातीचं साल मानतात. सायकल तेव्हा श्रीमंतांची चीज होती. हे दोघे ती विकायचे आणि वर चालवायलाही शिकवायचे. शिकवणीची फी 15 रुपये!

पण सायकल दुसऱ्याने बनवलेली. लक्ष्मणरावांना स्वतः बनवायचं होतं, आणि तेही आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचं. आधी कडबा कापायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर. आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली. शेतकऱ्याला वाटायचं की लोखंडाने जमिनीत विष पसरतं, जमीन नापीक होते. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेला हात लोखंडाला कसा तयार होणार? पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. विचार करा, आपल्या प्रोजेक्टला एका आठवड्यात कुणी वा म्हटलं नाही तर आपण टॉपिक बदलायला निघतो. लक्ष्मणराव शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत आणि नांगरही सोडला नाही.

तेवढ्यात बेळगावची जागा गेली. नगरपालिकेला ती हवी होती, कारखाना हलवणं भाग पडलं. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते. लक्ष्मणरावांनी औंधच्या यमाई देवीच्या मंदिरात सभामंडपाचं काम केलं होतं, त्यातून ओळख होती. राजांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्जही दिलं.

जमीन म्हणजे काय, तर उजाड माळ, निवडुंग आणि साप! 1910 साली लक्ष्मणराव 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे गेले. मला वाटतं, लीडरशिपची खरी व्याख्या या एका गोष्टीत आहे. मालकाने चल म्हटलं म्हणून बायकामुलांना घेऊन सापांच्या माळावर कोण जातं? विश्वास असल्याशिवाय कुणी जात नाही, आणि असा विश्वास दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

माणसं पारखण्यातही ते वेगळे होते. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण डोकं यंत्रात चालायचं. लक्ष्मणरावांनी सर्टिफिकेट न बघता डोकं बघितलं. रात्रीच्या राखणीला तर तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली! ज्यांच्यापासून लोक कुलूप लावायचे त्यांच्याच हाती कुलूप दिलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, तीही त्या काळात.

माळावर कारखाना वाढला. नांगराला गिऱ्हाईक मिळालं, पुढे पंप आले, मग इंजिनंही. कुंडल रोड स्टेशनचं नाव किर्लोस्करवाडी झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून 1926 मध्ये परतले आणि त्यांनी उद्योग आणखी मोठा केला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. सांगली जिल्ह्यात आजही त्या वाडीत पंप बनतात.

आता कुणी म्हणेल, त्यांना राजा भेटला, आपल्याला कोण भेटणार? बरोबर आहे, मदत लागतेच. एकटा माणूस कारखाना उभा करत नाही. पण राजाने जमीन दिली ती केलेलं काम बघून, बायोडेटा बघून नाही. आणि जमीन मिळाली तरी निवडुंग तोडायचा होता तो स्वतःलाच.

आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी असा अनुभव येणारच. कॅम्पसमध्ये आपल्यापेक्षा कमी येणाऱ्याचं सिलेक्शन होईल, ऑफिसात बढती दुसऱ्याला जाईल. तेव्हा चिडायला हरकत नाही, लक्ष्मणरावही चिडले असतीलच की! प्रश्न एवढाच, की त्या दिवशी आपल्या हातात काय असेल? त्यांच्या हातात वर्कशॉपमध्ये फुकट शिकलेलं काम होतं, म्हणून ते राजीनामा देऊ शकले. हातात काही नसेल तर राग गिळून बसावं लागतं.

तेव्हा मित्रांनो, टाय बांधायला जरूर शिका. पण पुढच्या वेळी वर्कशॉपचा तास संपल्याची घंटा झाली की लगेच अ‍ॅप्रन काढू नका. दहा मिनिटं जास्त थांबा, आणि लेथवरच्या मामांना विचारा, हे कसं चालतं?